भिंगरीने लावलेल्या जोड्या

धप्प.

आवाज तसा लहानच. पण बाळाचा नुकता डोळा लागलेला असला की घरात सुई जरी पडली, तरी ती आईच्या काळजात पडते. इथे तर पुस्तक पडलं होतं, चांगलं उशीएवढं जाड. माशापासून माणसापर्यंत सगळे कसकसे झाले, ते सांगणारं. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात पुस्तक, अशी माझी सध्याची वाचायची तऱ्हा. मनगट भरून आलं, अंगठा सटकला आणि कोट्यवधी वर्षं फरशीवर आपटली. बाळाने डोळे उघडले, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कारखान्याच्या भोंग्यासारखा सूर लावला.

"काय पडलं गं?" खालून सासऱ्यांचा आवाज आला.

"मासा पडला, बाबा!"

"लागलं का त्याला?"

आमचं घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली बाबांचं बाइंडिंगचं दुकान. दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात त्यांचा जन्म गेला. आता कामं फारशी येत नाहीत, पण खळीचा डबा, दाभण, दोऱ्याची रिळं, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, सगळं जागच्या जागी आहे. बाबांनी आजवर किती पुस्तकं वाचली असतील त्याला गणती नाही, फक्त त्यातलं एकही सलग वाचलेलं नाही. शिवायला जो फर्मा हाती येईल तो वाचायचा. फर्मा म्हणजे छापखान्यातून घडी होऊन येणारा सोळा पानांचा जुडगा. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की झालं पुस्तक. त्यामुळे बाबांना जगातले निम्मे खून तपशीलवार माहीत आहेत, खुनी मात्र एकाचाही माहीत नाही.

सासूबाईंचं उलटं होतं. अक्षरं दिसली की त्यांना झोप यायची, पण ऐकायची हौस दांडगी. चार वाजताच्या चहाचा नियम त्यांचाच. दुखणीखुपणी, शेजारीपाजारी, भाजीचे भाव हे विषय चहाला बंद. ज्याने त्याने आपण सध्या काय वाचतोय ते सांगायचं, आणि वाचलेलं लपवायचं नाही. "चोरून खाल्लं तर पोट दुखतं, चोरून वाचलं तर डोकं," असं त्या म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच चहाला मला विचारलं होतं, "तू काय वाचतेस?" आणि मी घाबरून, "बिस्किटाचा पुडा," असं म्हणाले होते. तेव्हा बशी हातातून सुटेपर्यंत हसल्या होत्या.

गेल्या थंडीत त्या गेल्या. नियम राहिला. आणि बाबांनी त्याला स्वतःची एक जोड दिली. रोज सकाळी दुकानाची खिडकी उघडली की ते फळीवरच्या त्यांच्या फोटोसमोर उभे राहतात आणि आदल्या दिवशी चहाला कोणी काय सांगितलं ते त्यांना सांगतात. मोठ्याने, आणि फोटोच्या उजव्या बाजूला उभं राहून, कारण सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. सांगता सांगता मधेच थांबतात. समोरच्याला "हो का?" म्हणायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढेच. वर भांडी लावताना ती थांबायची जागा मला पाठ झाली आहे. त्या ऐकतात आणि आपण गेलो की भेटतील, याबद्दल बाबांच्या मनात तिळमात्र शंका नाही.

माझी अडचण नेमकी हीच होती.

कारण माझ्याकडे आणखी एक पुस्तक होतं. माशाच्याच मापाचं, त्याच मालेतलं, त्याच निळ्या रंगाचं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन्ही जोडीनेच आणली होती. दुसऱ्याचा लेखक अगदी शांतपणे, आवाज न चढवता एकेक पुरावा मांडत सांगत होता, की वर कोणी नाही आणि नंतरही काही नाही. मी बाळाला पाजता पाजता ते वाचत होते आणि मला ते पानापानाला पटत होतं. (बाळाला ताप आला त्या संध्याकाळी मी हात जोडले होते, ते सोडा. ते हातांनी केलं, डोक्याने नाही.)

चहाला मी फक्त मासाच सांगायचे. बाबा रागावतील अशी भीती नव्हती. त्यांना रागावता येत नाही; प्रयत्न केला तर शिंक येते. भीती ही होती, की चहाला मी जे बोलेन ते दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोला जाणारच. आणि ते काय सांगणार तिला? की बाई गं, कळलं का, तू नाहीस? म्हणून ते पुस्तक मी बाळाच्या घडी केलेल्या लंगोटांखाली ठेवलं होतं. माझ्याखेरीज तिथे कोणी हात घालत नाही. देव नाही असं सांगणारं पुस्तक मी अगदी देवासारखं जपत होते.

मासा आपटला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आण इकडे, फाडून देतो."

"फाडून?"

"अगं, सोडवून. फर्मे सुटे करतो, दोन दोन फर्म्यांची पातळ पातळ पुस्तकं करून देतो. पोस्टकार्डासारखं एका हातात धर. गठ्ठा झोपेल निवांत." गठ्ठा म्हणजे आमचं बाळ. जन्मल्यावर दुपट्यात गुंडाळून पहिल्यांदा हातात दिलं, तेव्हा बाबांच्या तोंडून दुसरा शब्दच निघाला नाही.

अडचण एकच होती. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि नवा चष्मा यायचा होता. हातांना सगळं दिसत होतं, पण फर्म्याच्या पहिल्या पानाखाली जो बारीक आकडा छापलेला असतो, तो दिसत नव्हता. त्यावर तोडगा म्हणजे माझी लेक, भिंगरी. शाळेत आकडे नुकतेच शिकली आहे आणि दिसेल तिथे वाचत सुटते. घड्याळं, दारं, चपलांचे तळवे, काही सोडत नाही. "मी आकडे बघणार, आजोबा शिवणार," असं तिने जाहीर केलं आणि कमरेला माझा रुमाल बांधला. मी मासा त्यांच्या स्वाधीन केला आणि बाळाला टोचून आणायला बाहेर पडले.

परत आले तो टेबलावर तपकिरी वेष्टणातली पातळ पुस्तकं ओळीने मांडलेली. प्रत्येकावर रंगीत खडूने भिंगरीचा आकडा, सातचं तोंड उलट्या बाजूला. ओळ जरा लांबच वाटली मला, पण टोचलेलं बाळ खांद्यावर किंचाळत असताना कोण मोजत बसतं? "किती छान गं!" म्हणून पाच नंबर उचलला आणि वर गेले.

बाळ शांत झालं. पुस्तक खरंच पिसासारखं हलकं. चिखलात एक मासा पुढचे पर टेकून अंग वर उचलू पाहत होता. त्या परांच्या आत हाडं होती, माझ्या मनगटातल्या हाडांची खापरपणजी म्हणावीत अशी. मी माझ्या दुखऱ्या मनगटाकडे जरा आदराने पाहिलं. आता हा पहिलं पाऊल टाकणार, म्हणून पान उलटलं, तर पुढे छापलेलं, "मग प्रार्थना नेमकी ऐकतं कोण?"

मी परत मागे गेले. मासा. पुढे आले. प्रार्थना. मग बाळासकट उठून लंगोटांखाली हात घातला. तिथे लंगोट होते. त्यांच्याखाली आणखी लंगोट होते.

"भिंगरे! इकडे ये. इथलं पुस्तक?"

"ते पण दिलं आजोबांना," ती म्हणाली. "तुझा हात दुखतो ना. ते पण जडच होतं."

"आणि असं लावलंय कोणी? मासा, मग हे?"

"मी! जोड्या लावल्या." तिची छाती फुगली. "शाळेत लावतो तशा. एकाला एक, दोनाला दोन. सगळ्यांना जोडीदार मिळाला, आई. एकटं कोणीच नाही उरलं."

"आजोबा काही म्हणाले नाहीत?"

"म्हणाले, वा."

एवढ्यात खालून बाबांची हाक आली. "अगं, चष्मा आला बघ! दुकानदार घरी देऊन गेला. काय लख्ख दिसतंय! फळीवर एवढी धूळ होती होय?"

मी जिना उतरले तो ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. नाकावर कोराकरकरीत चष्मा, हातात दोन नंबर.

"बाबा, चहा टाकू?"

"तीन वाजलेत."

"मग पाणी?"

"नको."

"गठ्ठ्याला घेता का जरा? तुमच्याकडे यायचं म्हणतोय."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. बाळ माझ्या खांद्यावर ढाराढूर झोपलं होतं, तोंड उघडं टाकून.

"झोपेत म्हणाला का?" ते म्हणाले आणि पान उलटलं.

चार वाजता आम्ही तिघं बसलो. नवऱ्याची पाळी दुपारची, त्यामुळे चहाला आम्ही तिघं आणि मांडीवर गठ्ठा. भिंगरीने सांगितलं की ती सध्या औषधाची बाटली वाचतेय. बाबांनी कप खाली ठेवला.

"मी सध्या फार विचित्र पुस्तक वाचतोय. लेखक हुशार, पण बूड स्थिर नाही. आता बघ, बाळ जन्मल्यापासून बोट का घट्ट धरतं, तर कधीकाळी आपल्या आयांना अंगभर केस होते आणि पोरं त्यांना लोंबकळायची, त्याची ही उरलेली सवय असेल म्हणतो. किती गोड! मी म्हटलं आता पुढे सांगेल. तर उठला आणि एकदम देवावर घसरला. देवाला कोणी पाहिलंय का, विचारतो. बरं विचारतोस तर विचार; पण आधी त्या पोराला नीट धर की! लोंबकळतंय ते तिकडे."

भिंगरी खिदळली. मी बिस्किट चहात बुडवलं, ते तिथेच राहिलं.

"तुझ्याकडच्या पाचात काय आहे?" बाबांनी विचारलं.

"मासा," मी म्हणाले.

"नुसता मासा?"

"मोठा मासा आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी न लावता जिन्यावर कान देऊन उभी राहिले. बाबांनी फोटोला बोटं धरण्याची गोष्ट सांगितली. लेखक मधेच कुठेतरी भरकटतो, असं म्हणाले. पण कुठे, ते काही सांगितलं नाही. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत ते तीन नंबर घेऊन खुर्चीत बसलेसुद्धा.

मग माझा लपवाछपवीचा उद्योग सुरू झाला. तिसरा त्यांच्या हातात होता, चौथा मी बाळ झोपवायच्या निमित्ताने वर नेला, सहावा भिंगरीच्या दप्तरात घातला, सातवा तांदळाच्या डब्यात. काय करतेय ते माझं मलाच कळत होतं. माणसाला खरं कळायला हवं, असं चार लोकांत छाती ठोकून म्हणणारी मी, तेच खरं तांदळात पुरत होते.

"सात कुठे गेलं गं?" बाबा खालून.

"काय माहीत, बाबा!"

"आजोबा, तांदळात आहे!" भिंगरी जिन्यातून ओरडली. "आईने ठेवलंय. किडे लागू नयेत म्हणून."

आणि त्यानंतरच्या सकाळी खाली शांतता होती.

खिडकी उघडल्याचा आवाज आला. चपला फोटोपर्यंत गेल्याचा आला. मग काहीच नाही. मी ताटली हातात धरून वाट बघत राहिले. बाबांनी घसा खाकरला, पुन्हा गप्प झाले आणि चपला परत आल्या. दिवसभर ते प्रेसच्या दांड्याला तेल देत बसले. चहाला म्हणाले, "आज काही वाचलं नाही." या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. भिंगरीने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मी काय करून बसले होते? त्या माणसाची सकाळ मी घालवली होती. लेखक खरं बोलत असेल. पण त्या लेखकाला सकाळी खिडकी उघडून एकट्याने दुकानात बसायचं नव्हतं.

चहाचे कप विसळून मी बाळाला घेतलं आणि खाली गेले. जे होईल ते होईल.

"बाबा, ते एक पुस्तक नाहीये."

"माहितेय."

"दोन आहेत. भिंगरीने फर्मे…"

"अगं, बाइंडर आहे मी," बाबा तेलाचं फडकं झटकत म्हणाले. "सोडवताना वाटलं एकाच ग्रंथाचे दोन खंड असतील, पण चष्मा लावून दोन नंबर उघडला तेव्हाच कळलं. अक्षराचा ठसा वेगळा, कागद वेगळा. माशाचा कागद पिवळट, देवाचा जरा पांढरा."

"मग तुम्ही चहाला ते बूड स्थिर नाही वगैरे…"

"तुझं तोंड बघायला मजा येत होती. बिस्किट बुडालं तुझं." त्यांचे खांदे हलले. मग थांबले. "सोडवून नीट लावणार होतो. पण पोरीने इतक्या हौसेने जोड्या लावल्यात, मोडवेना. शिवाय ती म्हणाली, लंगोटांखालून आणलंय. म्हटलं, सुनेने लपवलंय म्हणजे वाचण्याजोगं असणार."

मी खुर्चीच्या हातावर टेकले. बाळ त्यांच्याकडे झेपावलं आणि त्यांचं बोट पकडलं. "बघ, लोंबकळतोय," ते म्हणाले.

"तुला पटलंय का ते?" त्यांनी विचारलं. "पांढऱ्या कागदावरचं?"

खोटं बोलायची संधी होती. आयती, गोंडस संधी. जीभ त्यासाठी वळलीही होती.

"हो, बाबा. पटलंय."

"हं."

"पण म्हणून तुम्हाला पटायला पाहिजे असं नाही. आणि लेखक काही तिथे जाऊन बघून आलेला नाही."

"मीही नाही आलो बघून," बाबा म्हणाले. "भांडण त्याचं माझं नाहीच गं. चांगला माणूस आहे. मुद्द्याचं बोलतो. अडलंय वेगळंच. वाचलेलं लपवायचं नाही, हा नियम तिचा. मग तिला हे सांगायला नको? आणि सांगायचं तर सांगू कसं? आज सकाळी उभा राहिलो तिच्यासमोर. तोंडापर्यंत आलं की बाई, तुझ्याविषयी जरा वाईट बातमी आहे…" ते हसायला गेले, पण जमलं नाही.

"नका सांगू," मी म्हणाले. "एवढं एक नका सांगू."

"अगं, आम्ही कुठेही जायचं असलं ना, सभेला, लग्नाला, नाटकाला, तर मला दुकान बंद करायला नेहमी उशीर. ती म्हणायची, मी पुढे होते, जागा धरते, तुम्ही या मागून. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसायची. लोक भांडायचे, पण उठायची नाही. दवाखान्यात शेवटी मी तिला तेच म्हणालो. तू पुढे हो, जागा धर. तिने मान हलवली." त्यांनी चष्मा काढला, फडक्याने पुसायला घेतला, फडकं तेलाचं आहे हे लक्षात आलं आणि तसाच हातात धरून बसले. "आता हा म्हणतो सभाच नाही."

कुठल्याच पानावर याला उत्तर नव्हतं, ना पिवळट ना पांढऱ्या. मी तो तेलकट चष्मा त्यांच्या हातातून घेतला आणि बाळाच्या लंगोटाने पुसून दिला. लंगोट कोरडा होता, हे नशीब.

"उद्या बघू," बाबा म्हणाले. "तू सात नंबर दे आधी. तांदूळ झटकून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंगरीचे केस विंचरत होते, खालीच, दुकानाच्या पायरीवर, कारण वर बसवेना. बाळ चटईवर उताणं पडून स्वतःचा पाय खात होतं. बाबांनी खिडकी उघडली. फोटोच्या उजव्या बाजूला उभे राहिले. माझा हात भिंगरीच्या वेणीत अडकून राहिला.

"ऐक," ते म्हणाले. "कालच्या दिवशी काही सांगितलं नाही, राग मानू नकोस. सात नंबर वाचून झाला. माशाला पाय फुटले, चाललाय आपला चिखलातून. आणि दुसरा जो लेखक आहे, तो म्हणतो की तिकडे काहीच नाही. सूनबाईंना पटलंय. मला अजून नाही, पण मुद्दे आहेत त्याचे." ते थांबले. "हो का?" म्हणायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याच्याहून जरा जास्तच गेला. "तेव्हा असं कर. जागा असेल तर धरून ठेव. नसेल तर… नसेल तर राहू दे. लोकांशी भांडू नकोस उगीच."

मग वळून, जणू काही झालंच नाही अशा सुरात, त्यांनी खळ कालवायला घेतली. मी वेणीचा पेड उगाच घट्ट ओढला. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी आवरायला एक तोंड पुरत नाही.

भिंगरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर बारीक आठी होती, आकडे जुळत नसले की पडते तशी.

"आई," ती हळूच म्हणाली, "जागा नसली, तर आजी तिकडे उभीच आहे का गं एवढे दिवस? तिचे तर गुडघे दुखतात ना?"